मोकळ्या प्लॉटवरचा कचरा, रोजचा धूर आणि आमचं आजारपण, संबंध आहे का?

सिडकोकर_ताई:
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगला लागून मोकळा प्लॉट आहे, ज्यांची सकाळची घंटागाडी चुकते ते पिशवीला गाठ मारून सरळ तिकडे भिरकावतात आणि संध्याकाळी कोणीतरी काडी लावतं. पोरगी ६ वर्षांची, खोकला जाता जात नाहीये. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना डेंग्यू झालेला, प्लेटलेट पार ४०,००० पर्यंत उतरलेल्या. मिस्टर म्हणतात डेंग्यूचा मच्छर स्वच्छ पाण्यात होतो, कचऱ्याचा काय संबंध? फवारणी करून घेतली की भागेल का?

लॅबवाला_रिटायर्ड:
मिस्टर अर्धे बरोबर आहेत ताई. डेंग्यूचा एडिस डास गटारीत सहसा अंडी घालत नाही, त्याला साठलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, पण ते साठतं कशात ते बघा ना, शहाळी, चहाचे कप, जुनं टायर, दह्याचे डबे. म्हणजे नाकाला रुमाल लावायला लावणारा ओला कचरा नाही, बिनवासाचा सुका कचरा डेंग्यू देतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत पण नाही. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. वर ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, म्हणून उन्हाळ्यात पडलेलं टायर पहिल्या पावसात जागं होतं. धूर फवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या मजेत. आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्यायचं, हाच उपाय.

पंचवटी_जुना_वाडा:
डासांचंच काय घेऊन बसलात, उंदीर विसरू नका. १९९४ मी सुरतेत कापड दुकानात कामाला होतो, आधी पूर, मग कचरा कुजलेला, आणि सप्टेंबरात प्लेगची बातमी, लोक मिळेल त्या गाडीने पळाले, टेट्रासायक्लिन औषधाला मिळेना (शब्दशः!). त्याच्या थोडं आधी आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला होता. आता प्लेग नाही पण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार आहे, उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या जखमेत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी कुठवर लागलं बघायला अनवाणी गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्यांनी जरा विचार करा. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरला पाण्यात गेलो होतो हे आधी सांगा.

नाशिक_रोड_आई:
खोकल्याचं धुरामुळे असू शकतं, माझ्या पोराला तेच होतं, पण आधी छाती तपासून घे हं. जळतं प्लास्टिक, त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन तयार होतं, बारीक कण पोरांच्या फुप्फुसात खोल जातात. उघड्यावर जाळायला २०१६ पासून हरित लवादाचा ५,००० रुपये दंड आहे. आमच्याकडे वॉचमनच जाळायचा, का तर म्हणे डास पळतात 😂 फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले तेव्हा थांबला. आणि प्लीज सुया, फुटक्या काचा पिशवीत तशाच टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांचे हात कापतात, सुईतून कावीळ बी होऊ शकते.

सिडकोकर_ताई:
थँक्यू सगळ्यांना. आत्ता गॅलरीतून वाकून बघितलं, टायर एकच आहे पण शहाळी पंधरा-वीस, सगळी पाण्याने भरलेली. कोपऱ्यावरच्या गाडीवरची आहेत. सासूबाईंना डेंग्यूत रोज त्याच्याचकडून शहाळं आणत होतो आम्ही 🙏