प्रज्ञान रोव्हर जेमतेम 100 मीटर चालला, मग उपयोग काय?

प्रश्न: 2023मध्ये चांद्रयान-3च्या लँडरवरच सगळी उपकरणं बसवली असती तर चाललं नसतं का?

उत्तर १: नाही. उतरताना इंजिनांच्या झोताने लँडरखालची माती विस्कटते. शिवाय मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं अल्फा कण-क्ष किरण उपकरण जमिनीलगत न्यावं लागतं. प्रज्ञानने ते 23 ठिकाणी टेकवून मोजमापं घेतली. एका जागेवरून हे होणं शक्यच नाही!

उत्तर २: अंतर कमी पडलं ते चंद्रावरच्या रात्रीमुळे; ती पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढी असते. 26 किलोचा रोव्हर, सोलर पॅनल 50 वॅटचं, किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारा हीटर नाही. एवढ्या गारठ्यात बॅटरी टिकत नाही. चीनच्या युतू-2 या चांद्र रोव्हरवर असे हीटर आहेत, म्हणून तो कित्येक रात्री तगला. पुढच्या मोहिमेत आधी हेच हवं.

उत्तर ३: वेगही बघा, तो कमीच होता. समोर 4 मीटर व्यासाचा खड्डा 3 मीटरवर असताना दिसला, तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा देऊन मागे वळवावं लागलं.