भाकरी, भात, मिसळ आणि साखर: कोल्हापूरकरांनो, तुमच्या ताटात काय बदललं?

गेल्या दिवाळीनंतर माझी एचबीएवनसी ८.१ आली. मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी ही तपासणी, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळी सुरू केली. आहाराबद्दल एका ओळीत सांगितलं, "भात, बटाटा, साखर बंद." मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात रात्री भात नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. तिथं हा सल्ला अकरा दिवस टिकला.

मग वाचायला लागलो. तेवढीच कर्बोदकं वेगवेगळ्या पदार्थांतून पोटात गेली तर रक्तातली साखर वेगवेगळ्या वेगानं चढते, हे टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं. ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास साखर मोजत राहायची आणि ग्लुकोजशी ताडून बघायची. ग्लुकोजला १०० धरायचे. हाच ग्लायसेमिक इंडेक्स, थोडक्यात जीआय. ५५ पर्यंतचा पदार्थ सावकाश चढवणारा, ७० आणि त्यापुढचा झपाट्यानं. हरभऱ्याची डाळ, मसूर, राजमा खालच्या गटात, पांढरा ब्रेड आणि चिरमुरे वरच्या.

तक्ता पाठ करून मात्र काही होईना. घरी ग्लुकोमीटर आणला, तेव्हा डोळे उघडले. दोन वाट्या भात आणि आमटी, पहिल्या घासापासून दोन तासांनी २१४. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग वाटीभर मटकीची उसळ, आणि शेवटी एकच वाटी भात: १५८. तांदूळ तोच, आमटी तीच, फक्त क्रम आणि माप बदललं. त्यात जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललो तर आणखी थोडी उतरते. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.९ आली. गोळी चालूच आहे.

हे माझ्या अंगाचे आकडे. तुमचे वेगळे असणार, म्हणूनच विचारतोय. नेमकं काय खात होता, काय बदललं, किती बदललं आणि मीटरवर काय दिसलं? काही उपयोग झाला नसेल तर तेही लिहा. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर त्याचाही उल्लेख हवा, नाहीतर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

उत्तरेश्वर पेठ, वय ६१

सून लिहून देती, बोल माझं, सासूचं हाय. नाचणी साखरेला चांगली असं जो तो सांगतो, म्हणून मी सहा महिने रोज सकाळी नाचणीच्या सत्त्वाची लापशी पीत होतो, वर गुळाचा खडा. उपाशीपोटी १३० आणि न्याहारीनंतर दोन तासांनी २३०! मला वाटलं मशीनच बिघडलंय. नातवानं स्वतःच्या बोटाला टोचून बघितलं, त्याची ९८. मशीन बरोबर होतं.

आहाराच्या मॅडमनी मग नीट समजावलं. सत्त्व काढताना नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातनं गाळायची. म्हंजे चोथा सगळा गेला, राहिला नुसता पिठूळ भाग. तो पाण्यात शिजून शिजून इतका मऊ हुतो की पोटाला कामच ऱ्हात नाही. आता त्याच नाचणीची भाकरी खातो, सोबत मेथी नाहीतर हुलग्याचं पिठलं. गूळ बंद. १६० च्या आतबाहेर ऱ्हाती. शाळूच्या भाकरीचं बी तसंच. पण भाकरी एकच, दीड केली की मशीन लगेच सांगतंय. गिरणीवाल्याला सांगून दळण जरा जाडसर घेतो.

करवीर तालुका, गुऱ्हाळ

वरच्या मावशींनी गुळाचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ. हंगामात सकाळचा चहा गुळाचा, दुपारी भाकरीवर काकवी, संध्याकाळी काहील उतरली की गुळव्या हातावर गरम गूळ ठेवायचा. साखर मी दहा वर्षांत चमचाभर खाल्ली नसेल, म्हणून मला मधुमेह होणं शक्यच नाही असं वाटायचं. एचबीएवनसी ९.४ निघाली.

गूळ शेवटी उसाच्या रसाचाच. त्यातही मुख्य भाग सुक्रोजचा, म्हणजे साखरेत असतं तेच. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण साखर चढायची ती चढतेच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला पण जीआयच म्हणतात, आणि गावात एकानं खरंच मला सांगितलं की आपला गूळ जीआयवाला आहे, मधुमेहाला चालतो. असा गैरसमज माणसाचा पाय घालवेल. मी स्वतः गूळ विकतो, त्यावर माझं घर चालतं, तरी सांगतो: साखरेच्या जागी गूळ हा उपाय नाही. सणाला पोळीच्या पुरणात जाईल तेवढा, बाकी नाही. पहिला महिना बिनगोडाचा चहा घशाखाली उतरत नव्हता. आता गोड चहा नको वाटतो.

लक्ष्मीपुरी, रिक्षाचालक

स्टँडवर सकाळी मिसळ ठरलेली. आधी मिसळच सोडली होती, आता परत खातो. मुलीनं सांगितलं की मटकीचा काही दोष नाही, तू चार स्लाइस ब्रेड खातोस त्याचा आहे. आता उसळ जास्त, फरसाण नावाला, ब्रेड एक. आधी २४० च्या घरात यायची, आता १७० ते १८०. कटाचं तेल वेगळं बघायला पाहिजे, ते डॉक्टर बघतायत.

शिरोली औद्योगिक वसाहत, फौंड्री, वय ४७

मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझं चुकलं होतं आणि ते जिवावर बेतलं असतं.

मी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेतो. ही दुसरी गोळी शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वाचून वाचून उत्साह आला आणि डॉक्टरांना न विचारता मी भात, चपाती दोन्ही एकदम बंद केलं. रात्रपाळीला डब्यात उसळ, काकडी, ताक. गोळी पूर्वीएवढीच.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला भट्टीपाशी दरदरून घाम फुटला. भट्टीपुढं घाम येतोच, म्हणून दुर्लक्ष केलं. मग हात थरथरायला लागले, समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना. सोबत्यानं ओढून बाहेर नेलं आणि खायला मूठभर शेंगदाणे दिले. प्रथमोपचाराच्या खोलीत मीटर होता, त्यावर ५८. तिथल्या माणसानं शेंगदाणे बाजूला ठेवायला लावले आणि तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजलं. पंधरा मिनिटांनी ८१. मग बिस्किटं आणि दूध.

डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं. ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटं थांबून परत तपासणी, नाही चढली तर परत तेवढंच. शेंगदाण्यात तेल आणि प्रथिनं, ते सावकाश पचतात. एरवी जे सावकाश चढणारं आपण शोधत असतो, ते त्या वेळी कामाचं नाही. गोळीचा डोस त्यांनी निम्मा केला आणि डब्यात एक भाकरी परत आली. साखर आता १४० ते १७० मध्ये असते. आपण कर्बोदकं कमी करणार असू तर गोळी देणाऱ्याला आधी सांगायचं, एवढं जरूर करा. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. भट्टीवर, शेतात, वाहन चालवताना काम असेल तर नक्कीच.

औषध दुकानात काम करते, शाहूपुरी

फौंड्रीवाल्या दादांच्या अनुभवाला एक जोड. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ही गोळी बऱ्याच जणांना असते. ती आतड्यात साखर फोडण्याचं काम मंदावते. म्हणून तिच्यासोबत दुसरी गोळी किंवा इन्शुलिन असेल आणि साखर उतरली, तर घरातली साखर किंवा बिस्किट पटकन लागू पडत नाही. ग्लुकोजच लागतं. आपल्या गोळीत हे औषध आहे का, ते पाकिटावर बघून ठेवा किंवा दुकानात विचारा. विचारल्यावर आम्हाला त्रास होत नाही.

राजारामपुरी, वय २९

मला गरोदरपणात निघाला. सव्वीसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, १५२ आली. १४० किंवा त्यावर आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. घरी सगळ्यांची तोंडं उतरली, कारण सासूबाईंनी तूप घालून रव्याची खीर रोज सुरू केली होती, आणि त्यांना वाटलं आपल्यामुळं झालं. तसं नसतं, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळं इन्शुलिनचं काम अडतं.

मला दिलेलं लक्ष्य कडक होतं. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. दिवसातून चार वेळा बोट टोचायचे. त्यातून एक गोष्ट कळली जी मला कुणी सांगितली नव्हती. दुपारी एक भाकरी खाल्ली तर ११०, तीच भाकरी सकाळी न्याहारीला खाल्ली तर १३५. सकाळी शरीर इन्शुलिनला जास्त विरोध करतं, असं नंतर समजलं. म्हणून न्याहारीला मुगाच्या डाळीचं धिरडं आणि दही, भाकरी दुपारी, रात्री अर्धी भाकरी आणि भरपूर भाजी. फळ जेवणासोबत नाही, मधल्या वेळेला, अर्धा पेरू.

उपास सोडले. साबुदाण्याच्या खिचडीनं एकदा १७८ दाखवली होती. इन्शुलिन लागलं नाही, पण माझ्या बहिणीला इतकं सगळं पाळूनही लागलं, आणि तिनं स्वतःला खूप दोष दिला. तिच्यासारख्या कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितेय: इन्शुलिन लागणं म्हणजे तुम्ही काही चुकीचं खाल्लं असं नव्हे. बाळ ३.१ किलोचं, छान. माझी दरवर्षी तपासणी चालू आहे, कारण पुढं कायमचा मधुमेह होण्याची शक्यता आम्हाला जास्त असते.

गंगावेश, वय ५६

तरुणपणी तालमीत होतो. पहाटे जोर-बैठका, वर बदामाची थंडाई, दूध, तूप. तिसाव्या वर्षी कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. वजन ११२, साखर ३०० च्या पुढं. दुधाचा जीआय कमीच असतो, पण थंडाईत मी पाच-सहा चमचे साखर घालायचो, ती कुठं जाणार? आता कट्ट्यावर जाऊन बिनसाखरेचं एक ग्लास दूध. मटणाच्या ताटात तांबडा-पांढरा राहिला, भात गेला, भाकरी एक. वजन ९६. परत रोज तासभर चालणं आणि पन्नास बैठका सुरू केल्या, आणि खरा फरक त्यानंच पडला असं मला वाटतं.

आजरा, माहेर सावंतवाडी

भाताशिवाय मला जमत नाही, हे आधीच सांगते. तीन तांदूळ करून बघितले, प्रत्येक वेळी शिजलेला एक वाटी, सोबत तीच डाळ आणि तीच भाजी. नवा, चिकट होणारा तांदूळ २०२. जुना, मोकळा होणारा १८५. माहेरचा उकडा १७२. उकडा भात साळीतच वाफवून मग कांडतात, त्यात पिष्ट घट्ट होतं आणि सावकाश पचतं. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणी दिली तर आणखी दहाएक कमी आली. थंड झाल्यावर काही पिष्ट न पचणारं बनतं म्हणतात. फरक आहे, पण वाटी दोन केल्या की सगळा फरक पुसला जातो, तांदूळ कुठलाही असो.

कागल

वडिलांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनी नीट काम करत नाही. आम्ही उत्साहानं दोन्ही वेळा उसळी सुरू केल्या होत्या, किडनीच्या डॉक्टरांनी थांबवल्या. त्यांना प्रथिनं आणि पोटॅशियम मोजून द्यावं लागतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी डाळी-कडधान्यांचा सल्ला सरसकट घेऊ नये.

मंगळवार पेठ (धागा सुरू करणारा)

वाचतोय सगळं, मनापासून आभार. दोघांनी कलिंगडाबद्दल विचारलं. जुन्या तक्त्यांत त्याचा जीआय ७० च्या वर दिसतो म्हणून लोक घाबरतात. पण शंभर ग्रॅम कलिंगडात कर्बोदकं सात-आठ ग्रॅमच, बाकी बहुतेक पाणी. जीआय गुणिले कर्बोदकं भागिले १००, हा ग्लायसेमिक लोड. तो इथं ५ च्या आसपास येतो, आणि १० पर्यंत कमीच समजतात. दोन फोडी खा, अर्धं कलिंगड नको. रस तर नकोच.

आणि उत्तरेश्वरच्या मावशींना विचारायचं होतं: जाडसर दळणाची भाकरी आमच्याकडे थापताना चिरते, काय करता?

उत्तरेश्वर पेठ, वय ६१

पाणी चांगलं उकळून घ्या आन पिठात वता, उलथन्यानं हलवून झाकून ठेवा. हाताला सोसंल इतकं निवलं की लई मळा, घाई करू नगा. एका येळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, ऱ्हायलेलं पीठ चिरतंय. आन जाडसर म्हंजे रव्यासारखं नव्हं, बोटाला जरा खरबरीत लागंल एवढंच. पैल्या दोन फुटतील. त्या उसळीत कुस्करून खावा.