प्रतिसाद: जिनिंगमधली आग आणि टांगलेले सिलिंडर

'आग विझवायचे सिलिंडर टांगले, जानेवारी-जुलैत फॉर्म ब दिला की जिनिंगवाल्याचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराचं) काम झालं,' असं वर एकांनी लिहिलंय. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार फॉर्म ब, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावाच लागतो. पण कापसाची आग त्या कागदात दिसत नाही.

विदर्भात हिंगणघाट-वणीकडे कापूस मोकळाच ट्रॉलीतून येतो, त्यात खडा, खिळा, काय वाट्टेल ते. लोहचुंबक खिळा धरतो, खडा नाही. तो यंत्रात घासला की ठिणगी, आणि हवेच्या पाइपातून ती थेट रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात. तिथून प्रेसमध्ये (गाठी दाबायच्या यंत्रात) गेली तर १७० किलोच्या गाठीत आतल्या आत धुमसते. वरून गाठ पांढरीशुभ्र, काही दिवसांनी गोदाम पेटतं. म्हणून ठिणगी दिसलेल्या पाळीच्या गाठी गोदामात नकोच, दूर उघड्यावर वेगळ्या ठेवा. हा नियम किती ठिकाणी भिंतीवर लिहिलेला असतो?

आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर! ज्वाळा विझते, आतला निखारा तसाच, शिवाय झोताने रुई उडून आग पसरते ते वेगळंच. इथं पाणीच हवं, भरपूर. अग्निशमनची गाडी तालुक्याहून येईस्तोवर पुरेल एवढी टाकी आणि वीज बंद केल्यावरही चालणारा डिझेल पंप आहे का, हे आधी बघा.