लाइट जाऊन आली की होम असिस्टंट उघडत नाय

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीत घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, पाण्याची मोटर आणि गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर त्याच्यावरच. पावसाळा लागल्यापासनं लाइट दिवसातनं दोनतीनदा जातीय आणि आली की ब्राउझरात त्याच्या ८१२३ पोर्टवर पेजच येत नाय, काल तर टीव्हीला जोडून बघितलं तर बूटच होईना. सेन्सरशी वायरलेस बोलणारा झिग्बीचा डोंगल निळ्या यूएसबी पोर्टात आहे, दोन सेन्सर सारखे गायब होतात ते वेगळंच. आई म्हणती जुनं बटणच बरं होतं.

साताऱ्याचा खटपट्या:
दोन वेगळे रोग आहेत हे. पेज येत नसेल तर आधी राउटरच्या यादीत पाय दिसतोय का बघ, दिसला तर त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललाय, राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे पत्ते वाटायच्या सेटिंगमधी, तो रिझर्व्ह करून टाक. बूट होत नसेल तर एसडी कार्ड गेलं समज. सेन्सरची सगळी हिस्ट्री कार्डावरच्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलीत सारखी लिहिली जाते, त्यात मधेच लाइट गेली की फाइल अर्धवट राहते, कधीकधी कार्डच जातं. यूएसबीवर एसएसडी लाव, पाय ४ त्यावरनं बूट होतो. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर कर, नॉर्मलवर लाइट जाताना जो झटका बसतो तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो, माझा व्हायचा.
आणि निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३, त्याचा त्रास २.४ गिगाहर्ट्झला होतो, झिग्बी तिथंच चालतं. काळ्या पोर्टात घाल आणि मधी हातभर एक्स्टेन्शन वायर दे.

मिरजेचा वायरमन:
ते कार्डबिर्ड राहू दे, मोटर थेट स्मार्ट स्विचवर हाय का? चालू होताना मोटर पाचसहा पट करंट खाती, स्विचातल्या रिलेचे पॉइंट चिकटले की मोबाईलवर बंद दिसतंय आणि मोटर आपली चालूच. मधी कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटचा मोठा रिले, घाल, स्विचनं फक्त त्याची कॉइल चालवायची. आणि टाकीत साधा फ्लोट स्विच (पाणी भरलं की तरंगून बंद होणारा) कॉइलच्या लाइनीतच टाक, मग पाय मेला तरी टाकी वाहणार नाय.

विश्रामबागकर:
वायर दिल्यावर सेन्सर कालपासनं गायब झाले नाहीत. आयपी रिझर्व्ह केला, इन्व्हर्टरचं बटण खरंच नॉर्मलवर होतं राव. मोटर थेटच होती, कॉन्टॅक्टर उद्या गणपती पेठेतनं आणतो. कार्ड मात्र गेलंच.

साताऱ्याचा खटपट्या:
बॅकअप आहे ना? नवीन सेटअप करताना पहिल्याच पानावर रिस्टोर येतं.

विश्रामबागकर:
होता की. त्याच कार्डावर.