नवीन एलईडीखाली झोआ कोरल फिकट पडतायत, सेटिंग काय ठेवू?

रीफनवखा: नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहतो, 20 गॅलनचा छोटा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या कोरलचा, म्हणजे प्रवाळांचा टँक) आहे. नवीन एलईडी लावला आणि वरच्या दगडावरचे झोआ फिकट दिसायला लागले, हॅमर कोरल पण धड उघडत नाहीये, खाली सावलीतले मशरूम कोरल मात्र मस्त फुललेत. पाणी तपासलं, सगळं ठीक आहे. निळा कमी करू की पांढरा? बघून जीव तुटतोय हो.

खारेपाणी: खालचे खूश आणि वरचे फिकट म्हणजे उजेडच जास्त होतोय. कोरलच्या अंगात जी सूक्ष्म शैवालं असतात ना, त्यांना एकदम एवढा प्रकाश झेपत नाही, मग कोरल ती बाहेर टाकतं आणि पांढरं पडत जातं. सगळे चॅनल (लाइटमधले निळा, पांढरा वगैरे रंग) मिळून 40 टक्क्यांवर आणा, रंग परतला की आठवड्याला 5 टक्के वाढवा, घाई अजिबात नको. आणि डोळ्यांवर विसंबू नका, निळा आपल्याला मंद वाटतो पण कोरलला खरा तोच लागतो. पार मीटर (कोरलमधल्या शैवालांना उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर बघा, झोआ-हॅमरला पार 100 च्या आसपास पुरे.

दर्यावेडी: बरोबर. पांढरा निळ्यापेक्षा बराच कमी ठेवा, नाहीतर काचेवर शेवाळ माजतं. पूर्ण उजेड 8 तास बास. आणि प्लीज, लाइट कमी करताना कोरलची जागा पण हलवू नका, मग कशाने फरक पडला तेच कळत नाही.

रीफनवखा: 40 वर आणला, खूप आभार. रात्री मंद निळा चालू ठेवला तर चालेल?

खारेपाणी: नको, रात्री अंधारच द्या.