प्रतिसाद : ‘मनावर ताबा नाही, दुसरं काय?’

मटक्याचं, म्हणजे आकड्यावर पैसे लावायच्या जुगाराचं व्यसन ‘मनावर ताबा असला की सुटतं,’ असं या शीर्षकाच्या पोस्टमध्ये म्हटलंय. मला ते पटत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तिकेत जुगाराचा विकार दारू-ड्रग्जच्या व्यसनांसोबत नेऊन बसवला, तो उगाच नाही.

संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांचा 2009 चा प्रयोग पाहा. स्लॉट मशीनवर, म्हणजे चिन्हं जुळली की पैसे देणाऱ्या जुगाराच्या यंत्रावर, थोडक्यात हुकलं, की लोकांना वाईट वाटायचं, पण आणखी खेळायची इच्छा वाढायची, विशेषतः चिन्ह त्यांनी स्वतः निवडलेलं असेल तेव्हा. मेंदूतली जिंकल्यावर जागी होणारी काही केंद्रं थोडक्यात हुकल्यावरही जागी होत होती. आता आपला मटका घ्या, जो मुंबईने गिरणगावाच्या काळापासून पाहिलाय. सातवर लावले, आठ उघडला. खरं तर आठ आला काय नि दोन आला काय, हार तीच. पण आकडा स्वतः काढलेला, म्हणून ‘जवळ आलो होतो’ असं वाटतं आणि क्लोजला, म्हणजे नंतरच्या दुसऱ्या आकड्याला, पुन्हा पैसे लागतात. मोबाइलवर तर दोन डावांत श्वास घ्यायलाही वेळ नसतो.

हरलेले भरून काढायला परत जाणं, घरी खोटं बोलणं, कर्ज फेडायला दुसऱ्यांपुढे हात पसरणं ही डीएसएम-5 मधल्या जुगाराच्या विकाराच्या निदानातलीच लक्षणं आहेत. आपण त्यांना चारित्र्याचा डाग समजतो, म्हणून माणूस आणखी लपवतो. घरात असं कुणी असेल तर कृपया भाषण देऊ नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.