एक्झिक्युटिव्ह फंक्शनची चाचणी: बंद खोलीत की बर्डीच्या बाजारात?

नागनदी (धागाकर्ती)

मी नागपुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपघातात डोक्याला मार बसलेले, पक्षाघातातून उठलेले, स्किझोफ्रेनियाचा जोर ओसरल्यावर घरी परतलेले, अशा लोकांना पुन्हा कामाधंद्याला लावणं हे माझं काम. माझं मत असं: टेबलावर बसवून घेतलेल्या चाचण्यांवरून एक्झिक्युटिव्ह फंक्शनचा रिपोर्ट द्यायचा आणि त्यावर माणसाची नोकरी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, घरातली पत ठरवायची, हे थांबायला हवं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काय करायचं ते ठरवणं, त्याचा क्रम लावणं, मध्येच आलेला मोह आवरणं, बेत फसला तर दुसरा धरणं, ही सगळी मेंदूची एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स. कपाळामागचा भाग आणि त्याचं बाकी मेंदूशी असलेलं जाळं यात मुख्य. हे बिघडलं तरी बोलणं, स्मरणशक्ती, हुशारी शाबूत राहू शकते, म्हणून बाहेरच्याला काही कळत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. गांधीबागेत कापडाच्या दुकानात हिशेब बघणारा माणूस गाडीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. काही महिन्यांनी चाचण्या झाल्या. कार्ड लावण्याची, रंग-शब्दांची, आकडे जोडण्याची, सगळ्यांत निकाल नॉर्मल. मी त्याला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात नेलं. व्हरायटी चौकातून सुरुवात. कामं साधी: एका कागदाची झेरॉक्स, पाव किलो फुटाणे, मेट्रो स्टेशनवर कस्तुरचंद पार्कचं भाडं विचारून लिहून आणणं, आणि अर्ध्या तासाने मला फोन. नियम दोनच: शंभर रुपयांच्या वर खर्च नाही, एका दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही. मी मागे काही अंतरावर.

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. तो रांगेत लागला, शेजारच्या हातगाडीवर मोबाईलची कव्हरं दिसली, तिकडे वळला. भाव इतका सुरेख केला की हातगाडीवाला हसला. ऐंशी रुपये तिथेच गेले. मग पुन्हा झेरॉक्सच्या रांगेत, कागद हातात घेऊन. फोन आलाच नाही. शेवटी मी पुढे होऊन विचारलं, “नियम काय होता?” लगेच उत्तर: “शंभरच्या वर जायचं नाही, एका दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही, आणि अर्ध्या तासाने तुम्हाला फोन.” सगळं तोंडपाठ. माहीत असलेलं हातून घडत नाही, हाच त्याचा आजार, आणि रिपोर्टात तो कुठेच नाही.

यात माझा शोध काही नाही. शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ साली मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन जणांना असंच खरेदीला पाठवलं होतं. हुशारी उत्तम, नेहमीच्या बऱ्याच चाचण्या ठीक, आणि रस्त्यावर पार गोंधळ. पुढे २०१३ मध्ये टोप्लाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी वीस अभ्यास एकत्र तपासले. चाचणीतले गुण आणि घरच्यांनी किंवा शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांचा मेळ किती बसतो? सहसंबंधाचा मध्यक ०.१९ (पूर्ण मेळ असता तर १). म्हणजे जवळपास नाहीच. एवढं समोर असताना आपण अजून कार्डंच लावून घेतोय.

कसोटी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ठाम असहमत.

तुमची बर्डी दिवाळीच्या आठवड्यात वेगळी आणि मे महिन्याच्या भर दुपारी वेगळी. पंचेचाळीस डिग्रीत धडधाकट माणसाचाही क्रम चुकतो. आज नेलेला आणि पुढच्या महिन्यात नेलेला, या दोघांची तुलना कशी करणार? प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डापुढे किंवा कोर्टात विचारलं, याच वयाच्या, इतकंच शिकलेल्या निरोगी माणसाला किती गुण पडतात, तर उत्तर आहे तुमच्याकडे? बंगळुरूच्या नीमहॅन्स संस्थेची २००४ ची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, याच कारणासाठी उभी राहिली. वय, लिंग, शिक्षण यांनुसार आपल्याच लोकांचे निकष. अक्षरं येत नसतील त्यांच्यासाठी कलर ट्रेल्स आहे, त्यात अक्षरांऐवजी रंग असतात.

कार्डं लावण्याला इतकं हलकं लेखू नका. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये विस्कॉन्सिन कार्ड चाचणीवरूनच दाखवलं की फ्रंटल लोबचा भाग काढलेले रुग्ण नियम बदलला तरी जुन्याच नियमाला चिकटून राहतात. ते बाजारात फिरवून कळलं नसतं.

आणि ०.१९ वरून चाचणी खोटी ठरत नाही. प्रश्नावली कोण भरतं? वैतागलेली बायको, थकलेली आई. त्यांचा रागही त्या आकड्यात उतरतो. चाचणी सांगते माणसाला जास्तीत जास्त काय जमतं, प्रश्नावली सांगते तो रोज काय करतो. दोन वेगळ्या गोष्टींचा मेळ बसला नाही यात नवल काय?

इतवारीकर

मी दुकानदार माणूस जी. दोघांचंही वाचलं. माझा मुद्दा तिसराच.

डिप्रेशनमध्ये हे एक्झिक्युटिव्ह फंक्शन कमी, ओसीडीत (तेच तेच विचार आणि कृती) कमी, एडीएचडीत (लक्ष न टिकणं, चंचलपणा) कमी, दारू पिणाऱ्यात कमी, स्किझोफ्रेनियात तर कमीच. जे सगळ्यातच कमी, ते सांगून मला काय समजलं? माझ्याकडे एक पोरगा आहे, आजारातून उठलेला. त्याला गल्ल्यावर बसवू का गोदामात ठेवू, एवढंच मला कळायला पाहिजे. रिपोर्टात लिहिलंय ‘सौम्य ते मध्यम कमतरता’. याचं मी काय करू?

आणि दुसरी भीती. उद्या उशिरा येणारा प्रत्येक जण म्हणेल माझा मेंदूच तसा आहे. मग मेहनत कोण करेल? ज्याला खरंच आहे त्याच्यावरही मग कोणी विश्वास ठेवणार नाही. हे मी मनापासून लिहितोय, टोमणा नाही.

निशिगंध

मी मानसोपचारात आहे. इतवारीकरांचा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. स्नायडर यांनी २०१३ मध्ये डिप्रेशनवरचे शंभरावर अभ्यास एकत्र केले. एखाद-दुसरी नाही, एक्झिक्युटिव्ह फंक्शनची जवळपास सगळीच अंगं उणी दिसली. २०१५ मध्ये त्यांनी मियाके आणि हॅन्किन यांच्यासोबत लिहिलं की बहुतेक मानसिक विकारांत हेच दिसतं. त्यामुळे निदानासाठी या चाचण्या निरुपयोगी, हे मान्य. एडीएचडीची निम्म्याहून जास्त मुलं कुठल्याही एका चाचणीत निरोगी मुलांइतकीच चालतात. तरी ‘चाचणी केली, एडीएचडी निघाला’ म्हणणारे आहेतच.

पण निदानाला उपयोग नाही म्हणजे कशालाच नाही, असं नव्हे. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये स्किझोफ्रेनियाचे अभ्यास तपासून दाखवलं की माणूस नोकरी टिकवेल का, समाजात वावरेल का, हे भास-भ्रमांपेक्षा या बौद्धिक क्षमतांशी जास्त बांधलेलं असतं. आवाज बंद झाले की घरचे म्हणतात बरा झाला. खरं काम तिथून पुढे असतं.

नागनदी, तुमच्याशी माझं भांडण वेगळं आहे. बाजारात चुकला म्हणजे एक्झिक्युटिव्ह फंक्शन गेलं, हे कशावरून? त्याला गर्दीची धास्ती असेल, रात्री झोप झाली नसेल, गोळीची गुंगी असेल. मानसिक आजाराच्या औषधांनी अंग आखडू नये म्हणून देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावते. कित्येक जण ती गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं घेत राहतात. आधी डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी बघा, मग बर्डीवर न्या.

नागनदी

निशिगंध, चिठ्ठी आधी बघायची हे शंभर टक्के मान्य. पण तोच आक्षेप खोलीतल्या चाचणीलाही लागू आहे. गुंगी तिथेही गुण कमी करतेच.

कसोटी, शॅलिस-बर्जेस यांच्या तीन रुग्णांवरून नियम बनत नाही, हे मीच मान्य करते. तुमच्या चाचण्यांची मूळ अडचण मात्र संशोधनातच नोंदलेली आहे. एका चाचणीच्या गुणात वाचनाचा वेग, रंग ओळखणं, हाताची चपळाई सगळं मिसळतं. मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १३७ विद्यार्थ्यांवर नऊ चाचण्या घेऊन तीन क्षमता वेगळ्या काढल्या: रोखणं, वळणं, आणि मनातली माहिती ताजी करत राहणं. तिन्ही एकमेकींशी जोडलेल्या, तरी वेगळ्या. त्यासाठी प्रत्येक क्षमतेला तीन-तीन चाचण्या लागल्या. आपल्या ओपीडीत एकेक चाचणी घेऊन त्याच नावाने निकाल लिहितात.

आणि माझा मुख्य मुद्दा अजून तसाच आहे. तुमच्या खोलीत शांतता असते. कधी सुरू करायचं तुम्ही सांगता, कधी थांबायचं तुम्ही सांगता, काम एकच असतं आणि समोर दुसरं काही नसतं. रुग्णाच्या मेंदूने जे स्वतः करायला हवं ते सगळं परीक्षकच करून देतो. मग निकाल नॉर्मल येणारच.

इतवारीकर, तुमच्या पोराला गल्ल्यावर एकटा बसवू नका, पण गोदामातच टाकू नका. एका वेळी एक काम, क्रम लिहिलेला कागद डोळ्यांसमोर, मोबाईलवर गजर. ब्रिटनमध्ये बार्बरा विल्सन यांच्या गटाने २००१ मध्ये १४३ लोकांना पेजरवर आठवणी पाठवून पाहिलं. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं स्पष्टपणे सुधारली. आज पेजरही लागत नाही. मेहनतीचं म्हणाल, तर ही माणसं आपल्याहून जास्त मेहनत करतात. संध्याकाळी थकून पडतात ते त्यामुळेच.

भिवापुरी

मी शिक्षिका आहे. या चर्चेत आपल्या विदर्भाचा प्रश्न कोणी काढलाच नाही, तो म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार.

या आजारात मेंदूत बारीक इजा होतात, ज्या बाहेरून दिसत नाहीत. हात-पाय लुळे पडत नाहीत, एमआरआय केल्यावरच कळतं. त्या जास्त करून पुढच्या भागातल्या पांढऱ्या पदार्थात (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत) होतात, म्हणजे नेमक्या याच क्षमतांच्या वाटेवर. अमेरिकेतल्या अभ्यासांत सिकलसेल ॲनिमियाच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत त्या सापडल्या आहेत. आपल्याकडचा प्रकार थोडा वेगळा, तेव्हा तोच आकडा इथे लावणार नाही. पण वर्गात मला दिसतं ते असं: पोरगी पाढे म्हणते, कविता म्हणते, आणि प्रकल्पाची वही उघडली की तशीच बसून राहते. दुखण्यामुळे शाळा बुडते म्हणून मागे पडली, असं सगळे म्हणतात. पुढचं कोणी तपासत नाही.

म्हणून मी कसोटींच्या बाजूने. वर्गातल्या मुलांना मी बाजारात नेऊ शकत नाही. मला कागदावरची, अर्ध्या तासात होणारी, मराठीत असलेली चाळणी हवी. ती अपुरी असेल, पण त्यातून निदान पुढे कोणाला पाठवायचं ते कळेल. नागनदी, तुमची पद्धत एका माणसासाठी उत्तम आहे. आमच्यासारख्यांना त्यातून काय मिळेल?

सावली

कसोटी, तुमचं ‘वैतागलेली बायको’ वाचून लिहायला बसले. ती मीच.

माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे. प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा कपडे मी काढून ठेवले, कागद मी लावले, वेळेवर मी नेलं. बोर्डासमोर ते छान बोलले. स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, समजून सांगणं, काम, असे चार भाग विचारतात. त्या वेळी ते चारही भागांत बरे दिसले, आणि टक्केवारी लागणाऱ्या चाळीसच्या खाली आली. वीजबिल भरायला दिलेले पैसे घेऊन ते तीन वेळा रिकाम्या हाताने घरी आलेत, हे विचारणारा रकाना नव्हता. राग येतो, हो. तो रोज तेच पाहून येतो, म्हणून तोही पुरावाच आहे. माझा फॉर्म रागाने भरलेला आहे असं म्हणून बाजूला ठेवणार असाल, तर त्यांना बघतंय तरी कोण?

पण नागनदीताई, एक तुम्हालाही. माझ्या सासूबाई आयुष्यात एकट्या बर्डीवर गेल्या नाहीत. पक्षाघात झाल्यावर त्यांना तिथे उभं केलंत तर त्या भीतीनेच चुकतील. त्यांचं काय?

कसोटी

सावलीताई, घरच्यांचं म्हणणं बाजूला ठेवा असं मी म्हटलेलं नाही. ते चाचणीची जागा घेऊ शकत नाही, एवढंच म्हणतोय. तुमच्या प्रसंगात मात्र मी असतो तर वीजबिलाची गोष्ट रिपोर्टात पहिल्या परिच्छेदात लिहिली असती.

सासूबाईंचा तुमचा प्रश्न माझ्या बाजूचाच आहे. प्रत्येकाचं जग वेगळं, म्हणून तर सगळ्यांना सारखी अशी चाचणी लागते.

नागनदी

सासूबाईंना बर्डीवर नेणारच नाही. त्यांच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा आणि पोहे एकाच वेळी करायला सांगेन, मध्ये दाराची बेल वाजवीन. पोहे भिजवले, फोडणीला कांदा टाकला, बेल वाजली, गॅस बारीक केला का, परत येऊन कुठून धरलं, हे सगळं लिहून काढता येतं आणि मोजताही येतं. जग वेगळं असलं तरी बघायच्या गोष्टी त्याच राहतात: सुरुवात केली का, क्रम धरला का, मोडला तर सावरला का.

भिवापुरी, शाळेसाठी कागदी चाळणी असू द्या, माझा विरोध नाही. फक्त तिच्यात पास झालेल्या मुलीला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. प्रकल्पाची वही उघडून बसलेली तुम्ही पाहिली आहे. ते लिहून चिठ्ठीसोबत पाठवा.

कसोटी

पोह्यांवर दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ते जुळावेत. त्याच वयाच्या, तशाच घरातल्या निरोगी बायकांनाही तेच काम देऊन बघावं. एवढं झालं तर मी ते रिपोर्टात घेईन. तोपर्यंत माझी कार्डं आधी, तुमचं स्वयंपाकघर नंतर.

नागनदी

दुसरा गुण देणारा तुम्हीच या. निरोगी बायका मी शोधते. क्रम मात्र उलटा ठेवू: आधी स्वयंपाकघर, मग कार्डं, आणि पहिल्याचा निकाल दुसऱ्याला कळू द्यायचा नाही.